परत घेतलेली माफी

तिसरी घंटा होते आणि दिवे उजळतात. समोर तोरिनोउरा गावातलं मिठाईचं दुकान. काचेची बुटकी कपाटं, रॉकेलच्या शेगडीवर खदखदणारी किटली आणि किटलीच्या वाफेमागे उशीवर पाय मुडपून बसलेली तोमिए आजी. बाहेर नोव्हेंबरचा पाऊस. समुद्राकडून येणारा, तिरपा, महिनोन्‌महिने न थकणारा. दाराची फळी करकरत बाजूला सरकते आणि नेरिसबाई आत येतात. अंगात पिवळा रेनकोट, करडे केस गालाला चिकटलेले, हात रिकामे.

"छत्री?" आजीने विचारलं.

"शाळेत राहिली."

"शाळेत कशी राहील? तुमच्या दोन इथे माझ्याकडे आहेत." आजीने कोपऱ्याकडे हनुवटी उडवली. मग आवाज खाली आणून विचारलं, "बाई, शाळेत कोण वारलं?"

"कुणी नाही. का हो?"

"मग तुमच्या शाळेच्या शिगेमात्सु-सानांनी योकानचे एवढे खोके कशाला नेले? तेही मोठे. म्हणाले, जड असतील ते द्या."

नेरिसबाई रेनकोटाची बटणं काढता काढता थांबल्या. योकान म्हणजे पुरण आटवून आटवून थापलेली वडी, विटेसारखी घट्ट आणि विटेसारखीच जड. बारशाला ती कुणी नेत नाही, पाहुणचारालाही फारशी नाही. ती न्यायची माफी मागायला. माफी जेवढी मोठी तेवढा खोका जड हवा. घेणाऱ्याचे हात खाली गेले पाहिजेत, म्हणजे त्याला कळतं की देणाऱ्याचं मन किती खाली गेलंय.

"कुणी काय केलं?" त्यांनी विचारलं.

"ते मला काय ठाऊक," आजी म्हणाली आणि किटलीचं झाकण उगाचच सारखं केलं. "गावात म्हणतात, तुमच्यासाठी नेले."

या बाई मूळच्या वेल्सच्या. पाटीचा दगड काढतात त्या खाणींच्या गावातल्या. नाव नेरिस प्यू. तोरिनोउराच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला म्हणून एका वर्षासाठी आल्या आणि दर वसंतात करारावर शिक्का उमटत उमटत एकोणीस वर्षं झाली. जपानी बोलायला शिकल्या त्या पुस्तकातून नव्हे, मासळीबाजारात. त्यामुळे त्यांची भाषा ऐकली की शहरी पाहुणे दचकत आणि कोळणी खूश होत. राग त्यांना पटकन यायचा आणि लवकर जायचा नाही.

पहिल्या हिवाळ्यात असं झालं होतं. शाळेच्या भोजनात भाताबरोबर, माशाबरोबर, शेवयांबरोबर, कशाहीबरोबर थंड दूध येई. एकदा ते दूध ताटाशेजारी गोठलेलं पाहून बाईंना हसू फुटलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यात हसण्यासारखं काय आहे हे कळेल असं चाळीस मैलांत कुणी नव्हतं. हसायला दुसरं माणूस लागतं. त्या रात्री त्यांनी दुधावर दोन पानं लिहिली आणि जिल्ह्यातल्या डोंगरांत, बेटांवर, एकेकट्या राहणाऱ्या परदेशी मास्तरांना टपालाने पाठवून दिली. महिन्याभरात उत्तरं आली, चित्रं आली, कविता आल्या, आणि मासिक झालं. नाव ठेवलं 'विसरलेली छत्री'. त्या किनाऱ्यावर आया मुलांना बजावतात, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. आणि हे मास्तर लोक नेमकी छत्रीच विसरतात.

'छत्री'त काय नसायचं? शिक्षकांच्या खोलीत कोण कुठे बसतं त्यावरून राशिभविष्य. भोजनातलं दूध लपवण्याच्या जागा. छोट्या जाहिराती: "भाड्याने देणे. दोन खोल्या, थंडीत संडास गोठतो, शेजारी प्रेमळ." "वधू पाहिजे. वराला काड्यांनी छान जेवता येतं असं आजवर सबंध गावाने तोंडावर सांगितलं आहे." अमेरिकेत बटाटे पिकतात त्या मुलखातून आलेला वेंडेल नावाचा मास्तर चित्रं काढायचा. छपाई व्हायची शाळेच्याच यंत्रावर, शाळा सुटल्यावर. यंत्राच्या खोलीची किल्ली उपमुख्याध्यापक शिगेमात्सु-सानांकडे असे. ते न बोलता किल्ली टेबलावर ठेवत आणि खिडकीबाहेर बघत.

यंदाच्या शरदातल्या अंकात बाईंनी क्रीडादिनावर लिहिलं. म्हणजे खेळांवर नाही, भाषणांवर. पाहुणे मांडवाच्या सावलीत खुर्च्यांवर, मुलं मैदानात उन्हात उभी, हात मांडीला चिकटवलेले, आणि एकामागून एक भाषण. बाईंनी ती सगळी भाषणं घोड्यांच्या शर्यतीच्या समालोचनासारखी लिहिली. "आणि हा सुटला मच्छीमार संघाचा घोडा, सुरुवात छान, पण आभारांच्या वळणावर दम लागलाय. पालक संघाचा घोडा मागून येतोय. आणि पाहा, सगळ्यांना मागे टाकत शिक्षणखात्याचा म्हातारा घोडा. तो अजून ऋतुवर्णनातच आहे, पण त्याला कुठे जायचंच नाहीये, त्यामुळे तो थकत नाही."

मास्तर मंडळी वाचून लोळली. इंग्रजी अंक, जाणार तो इंग्रजी मास्तरांकडे, गावाचा त्याच्याशी काय संबंध?

पण घोळ झाला, आणि तो बाईंनीच केला. तिथे आळीआळीतून एक फळी फिरते. तिला चिमट्याने सूचना लावलेल्या असतात: कचरा कोणत्या दिवशी, गटार कुणी साफ करायचं, कोण आजारी. वाचायचं, आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा, शेजारच्या दारात ठेवायची. बाईंनी घाईघाईत 'छत्री'चा नवाकोरा अंक भिजू नये म्हणून त्याच चिमट्यात अडकवला, आणि तो काढायचा विसरून, शिक्का मारून फळी शेजारच्या दारात ठेवून आल्या. शेजाऱ्यांनी पाहिलं, इंग्रजी कागद. कळत नाही. पण फळीवर आहे म्हणजे सूचना आहे. त्यांनी शिक्का मारला. त्यांच्या शेजाऱ्यांनीही मारला. घोड्यांच्या चित्रांवर लाल शिक्क्यांची रांग लागली. अशी ती फळी आळीच्या शेवटच्या घरी पोचली, आणि ते घर होतं शिक्षणप्रमुख उएबायाशींचं. तरुणपणी तीस वर्षं ते शाळेत इंग्रजीच शिकवत होते, म्हणून गाव त्यांना अजून सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणे.

फळी परत आली ती अंकाशिवाय. बाईंना कुणी एक अक्षर बोललं नाही. आणि आज हे योकानचे खोके.

बाई दुकानातून निघाल्या त्या सायकल हाणत थेट शाळेत. शिक्षकांच्या खोलीत जोडलेल्या टेबलांच्या टोकाला, सगळ्यांकडे तोंड करून, शिगेमात्सु-सान बसले होते. सडपातळ माणूस, पहाटे शाळेचं कुलूप उघडणारा आणि रात्री लावणारा. बाई त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या तशी खोलीतली सगळी पेनं एकदम भराभर चालू लागली.

"शिगेमात्सु-सान, तुम्ही माझ्या वतीने माफी मागितलीत?"

"हो," ते म्हणाले. "केवढ्या भिजलात. चहा घेता?"

"मी चहा घ्यायला नाही आले."

"मग निदान टॉवेल घ्या."

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"नकोच म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं."

बाईंनी टॉवेल घेतला आणि तो मुठीत पिळत राहिल्या. शिगेमात्सु-सान हळू आवाजात समजावू लागले, नव्या मुलाला समजावतात तसं. "बाई, मुलाने काच फोडली की मी जातो. चेंडू कुणाच्या कोबीत गेला की मी जातो. गेल्या वर्षी संगीताच्या बाईंनी देवळाच्या दगडी दिव्यावर गाडी घातली, तेव्हाही मीच गेलो. हेच माझं काम आहे. उपमुख्याध्यापकाच्या कमरेत बिजागरी असते."

"मी काच नाही फोडली. मी खरं लिहिलं."

"खऱ्याचीच माफी मागावी लागते. खोटं कुणाला लागत नाही."

पलीकडे गणिताचे मास्तर खोकले. तो खोकला खोकला नव्हता.

"माझे वडील म्हणायचे," बाई म्हणाल्या, "माफी कवळीसारखी असते. दुसऱ्याची आपल्या तोंडात बसत नाही. मी छपन्न वर्षांची बाई आहे, शिगेमात्सु-सान. कुणाच्या कोबीत शिरलेला चेंडू नाही. मी काही लिहिलं तर त्याचं उत्तर मी देईन. एकोणीस वर्षांत या गावाने मला मासे दिले, भाज्या दिल्या, गोधड्या दिल्या. पण माझ्या कृत्याचा जाब मला कधी विचारला नाही. जाब माणसाला विचारतात. पाळलेल्या मांजराने दूध सांडलं तर मालकाला विचारतात."

आता पेनं थांबली होती. शिगेमात्सु-सानांनी चष्मा काढून पुसला. "वसंतात तुमचा करार आहे," ते म्हणाले. "त्यावर सही उएबायाशी-सेन्सेई करतात. त्यांनी वडी घेतली. म्हणजे विषय संपला. आता तो उकरू नका."

"म्हणजे वड्या वाटून तुम्ही माझी नोकरी ठेवलीत?"

"चांगल्या वड्या होत्या," ते कसनुसं हसत म्हणाले.

बाईंनी टॉवेलाची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि माफी परत घ्यायला निघाल्या.

माफी मागायला कसं जायचं, किती वाकायचं, खोका कोणत्या हाताने पुढे करायचा, हे तोरिनोउरात पोराटोरांनाही ठाऊक. पण माफी परत घ्यायला आजवर कुणी आलेलं नव्हतं. पालक संघाचे अध्यक्ष त्सुबोउची हे नाशपातीच्या बागेचे मालक. बाईंचं म्हणणं ऐकून ते दारातच गोंधळून उभे राहिले. आतून त्यांची बायको आली.

"अहो, त्या म्हणतात, माफी परत द्या," त्सुबोउची म्हणाले.

"परत? पण आपण तर खाल्ली," बायको म्हणाली.

"वडी नकोय मला," बाई म्हणाल्या. "ती माफी माझी नव्हती, एवढंच सांगायला आलेय. मी लिहिलं त्याची मला खंत नाही."

"एक तुकडा सासूबाईंच्या तसबिरीपुढे ठेवलाय. तो आणू का?"

"वहिनी, तुकडा नको."

नवराबायको आत जाऊन कुजबुजले. मग त्सुबोउची नाशपातींची पेटी घेऊन बाहेर आले आणि बाईंच्या सायकलला बांधू लागले.

"हे काय?"

"आता माफी नाही म्हणता, म्हणजे वडी नुसती भेट झाली. भेटीला परतभेट नको?" दोरीला गाठ मारता मारता त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाई, त्या शर्यतीत मी कितवा आलो?"

"दुसरा."

"दुसरा आलो," त्यांनी बायकोला आत ओरडून सांगितलं.

मच्छीमार संघाच्या प्रमुखाकडेही तेच. तो घरी नव्हता, त्याच्या आईने बाईंचा सगळा संताप मान डोलवत ऐकून घेतला, "बरोबर आहे तुझं, पोरी, अगदी बरोबर," म्हणाली, आणि सायकलच्या टोपलीत जिवंत खेकडे ओतले. अशा थाटात, मागे नाशपाती आणि पुढे खेकडे, पावसात भिजलेल्या आणि आतून पेटलेल्या नेरिसबाई उएबायाशींच्या फाटकाशी पोचल्या. एक खेकडा टोपलीच्या काठावर चढून नांग्या हलवत होता. अशा वेळी रागीट दिसणं सोपं नसतं. बाईंना ते जमलं.

उएबायाशी-सेन्सेईंनी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. बुटक्या मेजावर 'छत्री'चा तो अंक होता, कोपरे सरळ करून ठेवलेला. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात अर्थ लिहिलेले होते.

"मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं," म्हातारा म्हणाला. "इंग्रजीत माझ्याबद्दल कुणी लिहिलं ते हे पहिल्यांदा. आणि घोडा म्हणून."

"घोडा चांगला रंगवलाय," बाई म्हणाल्या.

"रंगवलाय. म्हणून तर लागलं. पण शिगेमात्सु येऊन गेला. मी माफी स्वीकारली."

"ती माझी नव्हती. मी ती परत घ्यायला आलेय."

"बाई, मुलं उन्हात उभी राहतात, कारण आम्हीही राहिलो. आमचे वडीलही राहिले. त्यातून माणूस घडतो."

"मिहारु घडली नाही. पडली." बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तो जास्त वाईट. "दुसऱ्या रांगेतली. तुम्ही शरदाच्या निळ्या आकाशाचं वर्णन करत होता. ती जमिनीवर आदळली, दोघांनी तिला उचलून नेलं, तिच्या हनुवटीतून रक्त येत होतं. तुम्ही थांबलात, पाहिलंत, आणि मग उरलेलं आकाश पूर्ण केलंत."

म्हाताऱ्याने अंक उचलून पानं चाळली.

"ते लेखात नाही," उएबायाशी म्हणाले.

"ते हसण्यासारखं नव्हतं."

म्हाताऱ्याने अंकाचा कोपरा पुन्हा सरळ केला. "ही माफी राहू द्या. नाहीतर शिगेमात्सुचं वाकणं वाया जाईल."

"त्यांचं वाकणं त्यांचं आहे, ते ठेवून घ्या. त्यांच्यासारखं वाकायला माणूस मोठा लागतो. पण त्या वाकण्यात माझी कंबर नव्हती."

मग उएबायाशी-सेन्सेई अतिशय सौजन्याने बोलले. त्या गावात कुणाला कामावरून काढत नाहीत. "तुम्ही घरापासून फार वर्षं लांब आहात. वसंतात तुम्हाला विश्रांती मिळायला हवी."

बाईंना अर्थ कळला. त्यांनी मान झुकवली, चहाबद्दल झुकवतात तेवढीच. बाहेर येऊन त्यांनी नाशपातींची पेटी आणि खेकड्यांची टोपली उचलून दारातल्या पायरीवर ठेवली.

"हे काय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"परतभेट. वडी तुम्ही खाल्लीत, माफी मी घेऊन चाललेय."

बातमी पसरली तशी जिल्हाभरातले मास्तर खवळले. वेंडेल तर बर्फातून तीन तास गाडी चालवत आला. अंकाचं पहिलं पान काळं छापायचं, सह्यांचं पत्रक काढायचं, असं काय काय घेऊन. बाईंनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा त्याच्यावरच भडकल्या.

"शोकसभा भरवायची असेल तर दुसरं मासिक काढ. इथे पाच नवे मास्तर पहिल्या हिवाळ्यात डोंगरात एकटे बसलेत. त्यांना काळं पान पाठवणार? चित्र काढ. हसू येईल असं."

"तुम्हाला राग नाही आला?" वेंडेलने विचारलं.

"मला इतका राग आलाय की विनोदाशिवाय दुसऱ्या कशात मावत नाही."

त्या अंकात बाईंनी एक छोटी जाहिरात दिली: "देणे आहे. एक शिक्षिका, वापरलेली, आवाज शाबूत, माफी सोबत मिळणार नाही." आणि या वेळी मुद्दाम, शुद्धीवर असताना, एक अंक आळीच्या फळीला लावला. फळी फिरून आली तेव्हा अंक जागेवर होता. सगळ्यांचे शिक्के होते. शेवटच्या घराचाही होता, सरळ आणि ठसठशीत. वाचलं, एवढाच त्याचा अर्थ. करार काही आला नाही.

मार्चमध्ये निरोपाचा समारंभ ठरला. त्या सकाळी बाई तोमिए आजीच्या दुकानात शिरल्या. बाहेर ओला बर्फ पडत होता.

"काय देऊ?"

"योकान. जड असेल तो खोका."

"अगं बाई. आता कुणी काय केलं?"

"अजून कुणी काही केलेलं नाही," नेरिसबाई म्हणाल्या.

शाळेच्या व्यायामशाळेत रंगमंच आहे, त्याला जांभळा मखमली पडदा आहे. त्या दिवशी तो बाजूला सारलेला. मंचावर पाहुण्यांच्या खुर्च्या आणि त्यांच्या पायांशी दोन शेगड्या. खाली सगळी शाळा पातळ कापडी बुटांत, बर्फासारख्या गार फळ्यांवर उभी. मंचाच्या एका टोकाला ध्वनिक्षेपकापाशी शिगेमात्सु-सान. उभे राहा, वाका, बसा, हे हुकूम द्यायचे तेच, आणि मुलं हलतात ती त्यांच्याच शब्दावर. 'बसा' हा हुकूम भाषणं संपल्यावरचा.

मच्छीमार संघ झाला. पालक संघ झाला. त्सुबोउचींनी बाईंकडे बघत भाषण चक्क अर्ध्यावर आटोपतं घेतलं. मग उएबायाशी-सेन्सेई उठले. डोंगरावरचा बर्फ वितळण्याचं वर्णन सुरू झालं, आणि ते खरोखर सुंदर होतं. बाई मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या रांगेत मिहारु होती. हनुवटीवर पांढरी रेघ राहिली होती. ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होती आणि तिचे ओठ निळे पडले होते. बाईंनी एकदा शिगेमात्सु-सानांकडे पाहिलं. तेही तिच्याचकडे बघत होते, आणि त्यांचा हात ध्वनिक्षेपकाच्या दांड्यावर जाऊन तिथेच अडकला होता.

रंगमंचावर दुसऱ्याचं वाक्य चालू असताना हलायचं नाही, हा जुना नियम. नेरिसबाईंनी फुलं खुर्चीवर ठेवली, पिशवी उचलली आणि मंच आडवा ओलांडून चालत गेल्या. त्यांच्या पावलांच्या आवाजाने बर्फ वितळायचा थांबला. उएबायाशी-सेन्सेई हातातल्या कागदावरून मान वर करून पाहत राहिले. बाईंनी पिशवीतून तोमिए आजीच्या दुकानाच्या कागदात बांधलेला खोका काढला आणि शिगेमात्सु-सानांच्या हातात दिला. हात खाली गेले. ध्वनिक्षेपक चालू होता, त्यामुळे त्या जे बोलल्या ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"शिगेमात्सु-सान, मुलांना बसायला सांगा. माफी मागायला आपण दोघं जाऊ."